लेकीच्या मापाचा फोर्क

ईदच्या तिसऱ्या दिवशी आमची लेक सड्यावरून सायकलने उतरताना पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिचा हात बघायचा, मग पडवीतली सायकल बघायचा आणि मग आमच्याकडे. दादी रोज एकदा म्हणायची, "ती सायकल आधी इकून टाका." आम्ही दोघे गप्प बसायचो. बोलण्यासारखे होते, पण ते कबूल करायला आम्हाला आठ-दहा दिवस लागले.

हे आम्हा नवरा-बायकोचे मिळून लिहिणे आहे, म्हणून 'आम्ही'. आमचे घर मालवणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. लेकीचे अब्बा वीस-बावीस वर्षे मच्छीमार होड्यांची इंजिने दुरुस्त करतात. तिची अम्मी घरी शिवणकाम करते. लेक एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकते. सायकल तिला मामूने दिलेली. मामू दुबईला नोकरी करतो आणि सुट्टीच्या सकाळी हत्ताच्या डोंगरात सायकल चालवतो. तिथे सायकलसाठी मुद्दाम बांधलेल्या वाटा आहेत. त्याच्या मुलाला ही सायकल लहान झाली, तेव्हा त्याने ती सुटी करून खोक्यात भरली आणि भाचीसाठी घेऊन आला.

या सायकलीला ट्रेल बाईक म्हणतात. चढ पायडल मारून चढायचा आणि खडकाळ वाटेने उतरायचे, ही दोन्ही कामे तिने करावीत अशी तिची रचना असते. पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉकअप. मागचा शॉकअप फ्रेमच्या पोटात बसतो. पुढचा म्हणजे फोर्क: वर दोन गुळगुळीत नळ्या, खाली दोन पोकळ पाय, आणि नळ्या पायांत वरखाली सरकतात. आपल्याकडे साध्या सायकलीला जो चिमटा असतो, त्याच्याच जागी हा बसतो.

लेक पडल्यावर अब्बांनी एका रात्री पुढचे चाक काढले आणि हॅण्डल दाबून पाहिले. फोर्क निम्म्यात अडकला आणि मग झटका देऊन खाली गेला. वरच्या नळ्यांवर बारीक खड्डे पडले होते. रबरी सीलच्या कडेला काळे तेल आणि मीठ साचून त्याचा चिखल झाला होता. एक पाय रंग उडालेल्या जागी पांढरा फुगला होता. सायकल दोन पावसाळे पश्चिमेच्या पडवीत, समुद्राच्या वाऱ्यात उभी होती. त्या काळात कोणी फोर्क एकदाही उघडला नव्हता.

जो माणूस गिऱ्हाइकाला "समुद्रातून आलास की इंजिन गोड्या पाण्याने धू" असे रोज बजावतो, त्याच्याच घरात हे झाले. लेकीला उतरता येत नव्हते असे नाही. दगडावर चाक आपटले तेव्हा फोर्क दबलाच नाही, सगळा धक्का तिच्या मनगटाने घेतला. चूक सायकलीची नव्हती, तिचीही नव्हती. आमची होती. हे तिला सांगितले, तेव्हा ती फक्त एवढेच म्हणाली, "अब्बा, मग दुरुस्त होईल ना?"

दुरुस्त होण्यासारखा तो राहिला नव्हता. वरच्या नळ्या खरवडल्या की नवे सीलही टिकत नाही, ते खड्डे सीलला कापत राहतात. वरचा सगळा भाग बदलायचा तर त्या खर्चात साधा नवा फोर्क येण्याची वेळ होती. म्हणजे नवा घ्यायचा. पण कोणता?

मामूला कळले तसा त्याचा फोन आला. "आपा, तू काळजी करू नकोस. सगळ्यात भारी पाठवतो. 160 चा, 36 च्या नळ्यांचा. परत पडली तरी काही होणार नाही." बहिणीला आणखी काय हवे? भाऊ आनंदाने देतोय, पैशाची चिंता नाही. शेजारणीला किंमत कळली तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या पैशात स्कुटी येतली गो!" तिचेही खरे होते. आपल्या घरांत इस्राफ हा शब्द लहानपणापासून कानावर असतो. गरजेपेक्षा जास्त खर्च झाला की तो भेट असली तरी मनाला टोचतो. पण आम्हाला थांबवले ते किमतीने नाही. अम्मीने विचारले, "माप कोणी घेतले?" समोरच्या बाईला न बघता, नुसते भारी कापड आणले म्हणून ब्लाउज शिवत नाहीत.

मग आम्ही माप घ्यायला बसलो. लेकीने वाचायचे, अब्बांनी समजून घ्यायचे, अम्मीने वहीत लिहायचे.

पहिले माप सायकलीचे. फोर्क किती मिलीमीटर दबू शकतो, त्याला ट्रॅव्हल म्हणतात. मामूने सांगितलेले 160 ते हेच. आमच्या फ्रेमच्या माहितीपत्रकात लिहिले होते: मागे 120, पुढे 130, जास्तीत जास्त 140. आम्हाला वाटले होते, जास्त दबणारा फोर्क म्हणजे जास्त आराम. तसे नसते. ट्रॅव्हल वाढला की फोर्कची उंचीही वाढते. साधारण 20 मिलीमीटर उंची वाढली की हॅण्डलच्या नळीचा कोन एक अंशाने मागे कलतो. पायडलची जागा वर जाते, बसणाऱ्याचे वजन मागे सरकते आणि चढावर पुढचे चाक भरकटते. शिवाय लांब फोर्क फ्रेमच्या मानेवर जास्त जोर टाकतो. छोट्या होडीला मोठे इंजिन लावले तर वेग मिळेल, पण मागची फळी फाटेल. अब्बांना हे एका वाक्यात पटले.

दुसरे माप बसणारीचे. हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली, पाठीवरची पिशवी असे सगळे घेऊन तिला काट्यावर उभे केले: 51 किलो. मामू 88 किलोचा. इथे आमचे डोळे उघडले. फोर्कच्या आत दोन कामे चालतात. एक स्प्रिंगचे, म्हणजे धक्का झेलायचा आणि परत वर यायचे. दुसरे डॅम्परचे, म्हणजे तेल बारीक छिद्रांतून जाऊ देऊन ती हालचाल आवरायची, नाहीतर सायकल चेंडूसारखी उसळत राहील. स्वस्त फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंग असते आणि ती बहुधा मध्यम वजनाच्या पुरुषाला धरून बसवलेली असते. 51 किलोच्या मुलीखाली ती अर्धीही दबत नाही. हवेच्या स्प्रिंगचे तसे नसते. पंपाने हवा कमी-जास्त केली की ती वजनाप्रमाणे बदलते. म्हणून आमच्यासाठी हवेचीच हवी, हे ठरले. जाड नळ्यांचे तेच. 36 मिलीमीटरच्या नळ्या भारी माणसाला उंच उड्या घेताना उपयोगी पडतात, हलक्या हातांना मात्र तो ताठरपणा आणि वजन विनाकारण वाहावे लागते. 34 किंवा 35 पुरे होते.

तिसरे माप जमिनीचे. मामू हत्ताच्या डोंगरात फिरतो. आमची लेक फिरते ती कुंभारमाठच्या बाजूला, चौके-धामापूरकडच्या काजूच्या बागांतून आणि कातळाच्या सड्यांवर. ज्यांनी जांभ्याचा सडा पाहिला आहे त्यांना माहीत आहे: मोठी दरड क्वचित, पण हाताच्या वितीएवढे खाचखळगे सतत. मध्येच चिऱ्याच्या खाणीची कड, मध्येच पाखाडीच्या दोन-चार पायऱ्या. म्हणजे तिला उंचावरून उडी झेलणारा फोर्क नको होता. बारीक, सततचे धक्के पहिल्या मिलीमीटरपासून खाणारा हवा होता. आमच्या इथे पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो, कातळावर शेवाळ धरते. जून ते सप्टेंबर ती सड्यावर जात नाही, बागेतल्या लाल चिखलात फिरते. तो चिखल सीलवर बसतो, तोही हिशोबात धरायचा.

चौथे माप आमचे स्वतःचे, आणि खरी गोष्ट इथेच होती. फोर्क घेतला की तो सांभाळायचा कोणी? आमच्या गावातला सायकलवाला भला माणूस आहे, पण असा फोर्क त्याने कधी उघडलेला नाही. दर वेळी पुण्याला कुरिअर करायचा तर दोन-तीन आठवडे आणि मोठा खर्च. मग लेकीने कंपन्यांची देखभालीची पत्रके काढली. रॉकशॉक्स सांगते, दर 50 तास चालवल्यावर खालचे पाय काढून साफ करा. फॉक्स सांगते 125 तास किंवा वर्षातून एकदा. कृती वाचून अब्बा हसले. खालचे बोल्ट सैल करायचे, रबरी हातोडीने हळू ठोकायचे, पाय ओढून काढायचे, फोमच्या रिंगा धुऊन तेलात भिजवायच्या, सीलला ग्रीस लावायचे, मोजून थोडे तेल घालायचे आणि बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराने आवळायचे. डॅम्परचे आतले काम अवघड, ते जाणकाराकडेच द्यावे लागेल, पण ते बऱ्याच काळाने येते. म्हणजे ज्याचे सील, तेल आणि कृती आम्हाला मिळू शकते असा, कमी खटक्यांचा फोर्क आम्हाला हवा होता. सगळ्यात वरच्या दर्जाच्या डॅम्परला चार-चार बटणे असतात. ती आम्ही कधी फिरवली नसती.

खाऱ्या हवेचे कारणही आता स्पष्ट झाले. फोर्कचे खालचे पाय बहुधा मॅग्नेशियमचे असतात. हा धातू हलका, पण मिठाला फार कच्चा. त्यात स्टीलचा बोल्ट बसला आणि वर खारे पाणी लागले की मऊ धातू खाल्ला जातो. होडीच्या इंजिनाला जस्ताचा तुकडा लावतात तो याचसाठी, की मीठ आधी त्याला खाईल. फोर्कला जस्त लावता येत नाही. तिथे रंग अखंड ठेवणे आणि गोडे पाणी एवढाच उपाय.

चार मापांनंतर बारीक जुळणी. चाक 27.5 इंचांचे की 29 चे. चाकाचा आस 15 मिलीमीटर जाड आणि 110 रुंद की 100 रुंद. हॅण्डलकडे जाणारी नळी सरळ की खाली दीड इंच रुंद होत जाणारी. डिस्क ब्रेक कोणत्या मापाचा. यातले एक चुकले तरी फोर्क बसत नाही. आम्ही फसता फसता वाचलो तेही इथेच. एका जाहिरातीत चांगल्या कंपनीचा जुना फोर्क निम्म्या किमतीत होता. फोटो सुंदर, नळ्या चकचकीत. अम्मीने विचारले, "वरची नळी किती लांब आहे?" पहिल्या मालकाने आपल्या सायकलीच्या मापाने ती कापली होती, आम्हाला हवी त्यापेक्षा दोन सेंटीमीटर आखूड. आखूड नळीला जोड देत नाहीत, ती जीवावरची गोष्ट आहे. कापलेले कापड वाढत नाही, हे शिवणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको.

शेवटी तीन नावे वहीत उरली: रॉकशॉक्स पाईक, मार्झोकी बॉम्बर झेड-टू आणि सनटूरचा एक हवेचा फोर्क. रॉकशॉक्स 1989 मध्ये सुरू झाली आणि सायकलीला असे फोर्क सर्रास लागू लागले ते त्यानंतर. मार्झोकी मूळची इटलीची, 2015 पासून फॉक्सकडे. सनटूर तैवानची, तिचे साधे फोर्क आपल्याकडच्या अनेक गिअरच्या सायकलींवर दिसतात. पाईक उत्तम, पण आमच्या खिशाला जड. सनटूर स्वस्त, पण आमच्या सगळ्या मापांत बसणारा त्या वेळी मिळत नव्हता. बॉम्बर झेड-टू 34 च्या नळ्यांचा, हवेच्या स्प्रिंगचा, 130 ट्रॅव्हलमध्ये मिळणारा, बटणे मोजकी. आम्ही तो ठरवला.

आता मामूला सांगणे. हे काम फोर्क निवडण्यापेक्षा अवघड होते. भावाची भेट नाकारली तर त्याला वाटेल, आपले प्रेम नाकारले. अम्मीने दोन दिवस फोन टाळला. तिसऱ्या दिवशी मगरिबनंतर केला आणि सरळ सांगितले, "तू देतोस तो तुझ्या मापाचा आहे. तिला तिच्या मापाचा हवा." पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "आपा, मी तिचं वजन विचारलंच नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "फ्रेमचं पत्रकसुद्धा माझ्याकडेच होतं. मी उघडून नाही पाहिलं." भेट त्याने द्यायचीच होती. ठरले असे: फोर्क आम्ही घेऊ, निम्मे लेकीच्या साठवणीतून, निम्मे आमचे. मामू हवा भरायचा खास पंप, जादा सील आणि टॉर्क पाना पाठवेल. तो म्हणाला, "म्हणजे माझी भेट दरवर्षी लागेल." तसेच झाले आहे.

फोर्क पुण्याहून आला. बसवला त्या दिवशी पडवीत सगळे घर जमले. पत्रकातल्या तक्त्याप्रमाणे हवा भरली. नळीवर एक रबरी रिंग असते, ती खाली सीलला टेकवली. लेक सगळे सामान घालून पायडलवर उभी राहिली, अब्बांनी हॅण्डल धरले, मग ती अलगद उतरली. नुसत्या वजनाने फोर्क जेवढा बसतो त्याला सॅग म्हणतात. तो ट्रॅव्हलच्या वीस ते पंचवीस टक्के असावा, म्हणजे आमच्यासाठी 26 ते 32 मिलीमीटर. अम्मीने शिवणाची टेप लावली: 21. थोडी हवा सोडली, पुन्हा उभी केली: 25. आणखी थोडी: 30. तिथे थांबलो.

मग परत येण्याचा वेग. हवा कमी म्हणजे वर ढकलणारा जोरही कमी. डॅम्परचे बटण घट्ट राहिले तर फोर्क सावकाश वर येतो, आणि कातळावर एकामागून एक धक्के आले की तो खाली खालीच बसत जातो. शेवटी दगडासारखा होतो. हलक्या माणसाने ते बटण बरेच मोकळे ठेवायचे. जुना फोर्क तिच्या मामेभावाच्या वजनाला लावलेला होता आणि तसाच राहिला होता, हेही तेव्हा लक्षात आले.

पहिल्यांदा सड्यावर गेली तेव्हा आम्ही दोघे स्कूटीने मागून गेलो. वाटेतल्या सर्वात वाईट पायरीवरून ती उतरली आणि थांबून रिंग बघितली: 130 पैकी 98. म्हणजे कठीण धक्क्यालाही फोर्क पुरता वापरला जात नव्हता. घरी येऊन हवेच्या खान्यातला प्लास्टिकचा एक तुकडा काढला. तो तुकडा हवेची जागा कमी करून शेवटचा भाग कडक करतो, भारी माणसाला तो लागतो. पुढच्या खेपेस रिंग 115 वर गेली. हात दुखतो का विचारले. म्हणाली, "नाही. पण भीती अजून आहे." भीती आम्हालाही होती. ती कोणत्याही कंपनीच्या फोर्कने जात नाही. ती उतरून उतरूनच कमी होते. त्या दिवशी ती ती पायरी तीनदा उतरली.

माउंटन बायकिंग 1996 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे आणि संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय स्पर्धांत पदके जिंकली आहेत, हे लेकीनेच आम्हाला सांगितले. आमची लेक तिथवर जाईल की नाही, अल्लाह जाणे. तिला पर्यटकांना सड्यावरच्या वाटा दाखवायच्या आहेत, एवढे तिने ठरवले आहे.

ज्या घरांत मुलामुलींसाठी अशी सायकल घ्यायचा विचार आहे, त्यांना आमच्या अनुभवातून एवढेच सांगणे: दुकानात जाण्याआधी वहीत चार ओळी लिहा. फ्रेम किती ट्रॅव्हल सोसते, बसणाऱ्याचे सामानासकट वजन किती, जमीन कशी, आणि देखभाल कोण करणार. चौथ्या ओळीत नाव लिहिता आले नाही, तर भारी वस्तू आणू नका. दुबईच्या भावांनाही विनंती, वस्तू पाठवण्याआधी वजन विचारा.

सायकल आता पूर्वेच्या खोलीत असते. अब्बांच्या इंजिनांच्या वहीत शेवटचे पान लेकीचे आहे. त्यात ती चालवलेले तास लिहिते. 50 झाले की रविवारी फोर्क उघडतात, आणि पाय ओढण्याचे काम आता तीच करते. फेरी झाली की बादलीतल्या गोड्या पाण्याने फोर्क धुवायचा, जोराचा फवारा सीलवर मारायचा नाही, मऊ फडक्याने पुसायचा. कधी ती थकून तशीच आत येते. तेव्हा आतून दादीचा आवाज येतो, "गोड्या पाण्यान धुतलंस मां?"

आणि ती परत बाहेर जाते.